पाचवीच्या कार्यक्रमात बदल

माझ्या लेकीचा पाचवीचा अभ्यासक्रम मी गुलाबी कागदावर छापून घेतला होता. पॉवर हाऊस बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे, एका कागदावर दोन पत्रकं, मधून कापलेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही शाळा सोडलेली नाही, शाळेची घाई सोडली आहे!' खाली जुलैपासून मार्चपर्यंतचा कार्यक्रम, आठवड्यागणिक. पाणी, जमीन, श्रम, कायदा, अपूर्णांक. आज त्यातलं एकही पत्रक माझ्याकडे उरलेलं नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मुलीचा अभ्यासक्रम छापून वाटणारी आई भिलाईत दुसरी कुणी नसेल. पण आमच्या घरात ते साहजिक होतं. बाबा स्टील प्लांटमध्ये होते आणि प्लांटबाहेरचा त्यांचा सगळा वेळ विहाराचा. जयंती असो, व्याख्यान असो, रक्तदान असो की दारूबंदीची सभा, आधी पत्रक निघायचं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'बंधू आणि भगिनींनो' मला 'घर' आणि 'नळ' यांच्या आधी वाचता आलं. शाळा हिंदी, बाजार हिंदी, मैत्रिणी हिंदी. मराठी राहिली ती घरात आणि त्या पातळ कागदांवर. त्यामुळे आजही मला एखादी गोष्ट पटली की ती उद्गारचिन्हासकट पटते. आणि पटली की छापावीशी वाटते.

लेक चौथीत होती तेव्हा सकाळी उलट्या करायला लागली. दूध बदललं, डबा बदलला, पाणी उकळून झालं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "इतवार को होती है क्या उल्टी?"

रविवारी होत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदाही झाली नव्हती.

"तो फिर पेट का इलाज मेरे पास नहीं है, मैडम," ते म्हणाले आणि फक्त एक गोड औषध लिहून दिलं, आम्ही रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

शाळेत दर सोमवारी टेस्ट असायची. मंगळवारी वर्गात गुण मोठ्याने वाचायचे, सगळ्यात जास्तीपासून सगळ्यात कमीपर्यंत. लेकीचं नाव शेवटाकडे यायचं. मी शाळेत जाऊन भांडले. समोरच्या बाई हसून म्हणाल्या की बाहेर स्पर्धा आहे, सवय लागलेली बरी. मी म्हटलं, दहा वर्षांच्या मुलीला सवय कशाची लावताय, अपमानाची? त्या पुन्हा हसल्या. चौथीची परीक्षा झाली आणि मी दाखला काढला.

दाखला काढताना भीती वाटली नाही. घरी आल्यावर वाटली, कारण बाबांना सांगायचं होतं.

ते कोहक्यातल्या त्यांच्या घरून स्कूटरवर आले. चहा ठेवला होता, घेतला नाही.

"माही माय शाळेच्या बाहेरून गेली, आत नाही गेली," ते म्हणाले. "मी आत गेलो तं मागच्या भिंतीले बसलो. तू पुढच्या बाकावर बसली. अन् तुही पोट्टी घरी बसन?"

"बाबा, ते आजारी पडून राहिली."

"आजारी पडली तं औषध दे. दाखला कायले काढला?"

त्यांचा प्रश्न माझाच होता. शाळा सगळ्यांची असावी, सरकारने चालवावी, कुणाचंही मूल तिच्याबाहेर राहू नये, हे मी माझ्या लेखांत कितीदा लिहिलं आहे. घरी शिकवणं म्हणजे ज्यांच्याकडे फुरसत आहे त्यांची चैन, असंही लिहिलं आहे. आता तीच चैन मी वैशाली नगरच्या दोन खोल्यांत करायला निघाले होते. पण दुसऱ्या बाजूला मोरीत वाकलेली लेक होती. तत्त्व एका हाताने आणि तिचे केस दुसऱ्या हाताने धरून किती दिवस उभं राहणार?

शेवटी तह झाला. एक वर्ष. मार्चमध्ये कोहक्यातल्या एका शाळेत सहावीच्या प्रवेशासाठी चाचणी असते, ती लेकीने द्यायची. पास झाली तर सहावी. नाही झाली तर तिथेच पुन्हा पाचवी, तिच्याहून लहान मुलांबरोबर, आणि बाबा स्वतः तिला सोडायला जाणार.

"मंग तुहं एक ऐकणार नाही," बाबा म्हणाले.

मी कबूल केलं. पण मला दिसत होतं की पुन्हा मागे बसवलेली मुलगी पुन्हा कुठे वाकणार आहे. वर्षभर माझ्या डोक्यावर तेवढं एकच होतं.

नवरा रेल्वेत, मालगाडीवर. त्याला यात फार काही भयंकर वाटलं नाही. "एखादी मालगाडी पण साइडिंगले उभी राहते," तो म्हणाला. "मंग निघतेच ना वं."

मग पुस्तकं निवडायची आली. दिवाणावर मी तीन थप्प्या मांडल्या. एक इथल्या राज्याची हिंदी पुस्तकं, चाचणी त्यांवरच होणार होती. दुसरी दिल्लीच्या बोर्डाची इंग्रजी, जुन्या शाळेतली. तिसरी मराठी, माझ्या नागपूरच्या आत्याने पिशवी भरून आणलेली. तीन दिवस मी त्या तीन थप्प्यांमध्ये बसले. हिंदी पुस्तकं साधी होती, पण मला ती अपुरी वाटली. इंग्रजी पुस्तकांतल्या सगळ्या मुलांच्या घराला बाग होती आणि कुणाचाही बाप नाइट शिफ्ट करून दुपारी झोपत नव्हता. मराठी पुस्तकं सुंदर होती, पण त्यांतल्या नद्या, किल्ले, जिल्हे सगळे महाराष्ट्राचे. माझी मुलगी त्या नकाशात कुठे उभी राहणार? तिच्यासाठी तो नकाशा नागपूरच्या थोडा पुढे संपत होता.

तिन्ही थप्प्या मी बाजूला सारल्या. माझा अभ्यासक्रम मीच लिहिणार! त्या रात्री मी इतकी खूश होते की नवऱ्याला उठवून वाचून दाखवला. जुलैत पाणी : नळातलं पाणी कुठून येतं, कुणाला आधी मिळतं. ऑगस्टमध्ये जमीन. सप्टेंबरात श्रम. मग संविधानाची प्रास्ताविका, मग कायदा कसा होतो. गणित, हिंदी, मराठी, इंग्रजी त्या-त्या विषयात ओवलेलं. माझ्या कार्यक्रमात रिकामा आठवडा नव्हता. सभेच्या पत्रकात कुठे लिहितात का की मधला अर्धा तास काहीही नाही?

"सरकारसारखं केलं तू," नवरा डोळे चोळत म्हणाला. "योजना जाहीर. आता फक्त फोटो छापाचा राहिला."

मला ती तारीफ वाटली.

छापलं ते विहारातल्या बायकांमुळे. रविवारी वंदनेनंतर एकेक जण विचारायची, "पोट्टीले काढलं म्हणे शाळेतून? नापास झाली का वं?" कुणाकुणाला किती सांगणार? म्हणून पुढच्या रविवारी मी गठ्ठा घेऊन गेले आणि दारात उभी राहून सगळ्यांना एकेक पत्रक दिलं. लेक माझ्या शेजारी उभी होती. तिला मी पत्रक कसं द्यायचं ते शिकवलं, उजव्या हाताने, माणसाच्या डोळ्यात बघून. तिने बरोबर दिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलं नाही.

सुरुवात छान झाली. पाण्याचे आठवडे तिला आवडले. आम्ही तलाव बघून आलो, पाण्याच्या टाकीखाली उभं राहून तिची सावली पावलांनी मोजली. तिने आमच्या नळापासून मागे मागे जाणारं एक लांबलचक चित्र काढलं, पाच कागद जोडून. मग तिला प्रश्न पडायला लागले. नळ सकाळी अन् संध्याकाळीच का येतो? प्लांटमध्ये पाणी जाते तं बाहेर येताना लाल काऊन होते? कोहक्याले आबाजींच्या गल्लीत नळ आपल्या आधी कसा येतो?

"आई, मले टाकीच्या वर जाऊन पाहायचं आहे," ती म्हणाली.

पण जुलै संपला होता. कार्यक्रमात जमीन आली होती. "नंतर," मी म्हटलं. टाकी राहिली आणि आम्ही जमिनीवर आलो. ती माझ्याबरोबर आली, म्हणजे शरीराने आली. मन टाकीवरच होतं. मग जमिनीतलं अर्धं राहिलं आणि श्रम आलं. श्रमातलं राहिलेलं घेऊन आम्ही कायद्यात शिरलो. दिवाळीपर्यंत पत्रक एका जागी होतं आणि मुलगी दुसऱ्या जागी. ते अंतर भरून काढायला मी रविवारही अभ्यासाला घेतला.

थांबता येतं, हे मला सुचलं नाही, कारण आमच्याकडे छापलेलं रद्द होत नसे. मला चांगलं आठवतं, लहानपणी एकदा मे महिन्यात बाबांनी व्याख्यान ठेवलं होतं. गरम वाऱ्याची लू चालत होती. मंडपात खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. वक्ता रायपूरहून येऊन कपाळ पुसत बसला होता. कुणीतरी म्हटलं, रद्द करा. बाबा म्हणाले, "पाम्प्लेट वाटलं आहे. आता ते आपल्या हातात नाही." आणि कार्यक्रम झाला. माझ्यासाठी ते बाबांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं. शब्द दिला की दिला. त्याच वाक्यावर मी माझ्या मुलीला ओढत होते.

डिसेंबरात अपूर्णांक आले. छेद, अंश, समच्छेद. मी कागद कापले, रंगवले, मालगाडीचे डबे केले. तिला एक चतुर्थांश कळायचं, एक तृतीयांश कळायचं, आणि दोघांची बेरीज विचारली की ती खिडकीबाहेर बघायची. मी पुन्हा सांगायचे. थोडं मोठ्याने. मग अजून थोडं मोठ्याने.

एका सकाळी ती जागी झाली, पांघरुणातूनच तिने विचारलं, "आई, आज पत्रकात काय आहे?"

त्या आवाजाने मी हातातलं पीठ तसंच सोडलं. वर्षापूर्वी ती याच आवाजात विचारायची, आज कोणती टेस्ट आहे?

मी काही बोलायच्या आत ती उठून मोरीकडे पळाली. नळ सोडल्याचा आवाज आला. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज.

रविवार होता.

मी तिचं तोंड धुतलं, तिला झोपवलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. नवरा ड्यूटीवर होता. राग कुणावर काढायचा ते कळेना. शाळेवर काढायची सवय होती, पण शाळा तर इथे नव्हतीच. गुण वाचून दाखवणारी बाई नव्हती. सोमवार नव्हता. होते ते मी आणि माझा गुलाबी कागद.

बाबा नेमके त्याच दुपारी आले, नातीसाठी पेरू घेऊन. ती झोपलेली पाहून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी सांगत नव्हतो? उद्याच शाळेत टाक. मी ऐकायची तयारी केली होती. त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवलेलं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच ते नीट वाचलं. वरपासून खालपर्यंत.

"याच्यात जेवाची सुट्टी कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मस्करी नका करू."

"मस्करी नाही. आमच्या पाम्प्लेटात पण नाही राहे. पण ठेवत होतो." ते पत्रक उलटसुलट करत राहिले. "हे सारं पूर्ण करून राहिली तू? जसं लिहिलं तसं?"

"तुम्हीच म्हणत होते ना, पाम्प्लेट वाटलं तं आपल्या हातात राहत नाही?"

"कवा म्हटलं मी?"

मी मे महिन्याची ती सभा सांगितली. लू, खुर्च्या, रायपूरचा वक्ता. त्यांना आठवली. आणि ते असे हसायला लागले की पेरूची पिशवी खाली ठेवावी लागली.

"अवं, कार्यक्रम दहाचा लिहिला होता. सुरू केव्हा केला, ते नाही पाहिलं तू?"

मला आठवेना. मी लहान होते, खुर्च्यांवर झोपले असेन.

"दुपारून केला! पहिली शिफ्ट सुटली, लोक घरी गेले, आंघोळ केली, जेवले, मंग आले. तवापर्यंत त्या वक्त्याले मी तीनदा चहा पाजला. दहाले सुरू केलं असतं तं ऐकलं कोणी असतं? मंडपवाल्यानं?" त्यांनी डोळे पुसले. "रद्द नाही करायचं, हे खरं. पण सुरू केव्हा करायचं, हे पाम्प्लेट नाही ठरवत वं बाई. येणारे ठरवतात."

"मग दहा कशाला लिहीत होते?"

"अकरा लिहिलं तं संध्याकाळी येतात."

मी हसले. त्या दिवसातलं पहिलं. मग रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि स्वतः उठून चहा ठेवला. त्यांच्या हातचा चहा मी लग्नाआधी शेवटचा प्यायले होते.

"अन् बदल झाला तं आमची एक रीत होती," ते चहा गाळत म्हणाले. "ज्याले ज्याले पाम्प्लेट दिलं, त्याच्या दारात जाऊन सांगायचं. कार्यक्रमात बदल आहे. नुसतं मनातल्या मनात नाही बदलायचं. लोक येऊन बसतात."

"सगळ्यांकडे?"

"तूच वाटले ना सगळ्याइले?"

मला मान्य करावं लागेल की ते मला नको होतं. माझा अभ्यासक्रम फसला हे दारोदार जाऊन सांगायचं, तेही ज्या बायकांना मी मान ताठ करून पत्रक दिलं होतं त्यांना! पण रीत रास्त होती. आपण जे जाहीर केलं ते मागेही जाहीरपणे घ्यावं. हेच तर मी सरकारला सांगत असते.

लेक बरी झाल्यावर आम्ही दोघी स्कूटीवर निघालो. पहिल्या घरी मी घसा साफ करून म्हटलं, "आम्ही पाचवीच्या कार्यक्रमात बदल केला आहे." त्या काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोणता कार्यक्रम, बाई? वर्गणी देल्ली मी."

दुसऱ्या घरी पत्रक कुणाला आठवत नव्हतं. तिसऱ्या घरी आठवत होतं, पण त्यांना ते लहान मुलांच्या शिबिराचं वाटलं होतं आणि शिबिर झालंच नाही म्हणून त्या नाराज होत्या. जामुलला, सिमेंट कारखान्याजवळ, बाबांच्या मावसबहिणीकडे गेलो. म्हातारी आत्या गच्चीवर होती. तिने खाली न येताच ओरडून विचारलं, "काऊन वं, काय झालं?"

"आत्या, ते गुलाबी पत्रक दिलं होतं ना मी, विहारात?"

"हव! चांगलं होतं बाप्पा. आणखी आहे का?"

मला वाटलं, एक तरी वाचक निघाली! आम्ही वर गेलो. गच्चीवर जुन्या लुगड्याचा पदर अंथरला होता आणि त्याच्या कडेला, लुगडं पुरलं नाही तिथे, माझं पत्रक. त्यावर मुंगवड्या वाळत होत्या. ठळक अक्षरांतली घाई एका वडीखाली गेली होती.

"कागद पातळ आहे पण चिकटत नाही," आत्या म्हणाली. "बाकीच्यांचे पण आणून दे."

लेक आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी रागावते का ते. मग तिने तोंडावर हात ठेवला. मग हात काढला. गच्चीवर बसून आम्ही दोघी इतक्या हसलो की आत्याने आम्हाला वेड्यात काढलं आणि येताना डबाभर वड्या दिल्या. परतीच्या रस्त्यावर, सिमेंटच्या ट्रकांच्या मागून जाताना, माझ्या पाठीवर डोकं ठेवून लेक म्हणाली, "आई, कोणीच नव्हतं पाहून राहिलं ना आपल्याले?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. माझ्या अंगातून काहीतरी उतरलं. हवा थंड होती आणि मला ती पहिल्यांदा थंड लागली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीन थप्प्या मांडल्या, पण या वेळी लेकीला शेजारी बसवलं. गणित आणि पर्यावरण हिंदी पुस्तकातून घ्यायचं ठरलं, कारण चाचणी त्यातून होती आणि, नीट वाचल्यावर दिसलं, ते पुस्तक वाईट नव्हतंच. त्यातल्या शेतात धान होतं आणि बाजारात मोहाची फुलं. मला ते आधी अपुरं का वाटलं? बहुधा त्यात उद्गारचिन्हं कमी होती म्हणून. मराठी पुस्तकांतून ती तिला आवडेल तो धडा निवडून रोज मला वाचून दाखवणार, अडखळत का होईना. इंग्रजीची थप्पी आम्ही जामुलच्या आत्याच्या नातीला देऊन टाकली. संविधानाची प्रास्ताविका मी ठेवली, ते माझ्याच्याने सुटलं नसतं. पण पाठ करायची नाही, एवढं ठरलं. महिन्याला एक शब्द, त्याच्यावर बोलायचं. पहिला शब्द तिने निवडला, 'आम्ही'.

आणि वेग. धडा संपेपर्यंत धडा. ती म्हणाली बस, की बस. सुरुवातीला ती वरचेवर बस म्हणायची, मला आजमावत होती. मी पुस्तक मिटायचे आणि आतल्या आत होरपळायचे. मग एक दिवस मी पुस्तक मिटलं तेव्हा तीच म्हणाली, "थांब ना, हे एवढं होऊ दे." बाबांनी ओळख काढून पाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या एका माणसाबरोबर तिला जिन्यापर्यंत नेलं. वर चढू दिलं नाही, पण व्हॉल्व्ह दाखवला. ती दोन दिवस तेच बोलत होती.

अपूर्णांक आम्ही बाजूला ठेवले. सरळ ठेवून दिले, न शिकता. हे लिहितानाही मला मोकळं वाटतं. जानेवारीत तिचं वजन वाढलं. सकाळी ती पोहे मागून घ्यायला लागली. पण मार्च येत होता. जे सोडलं ते चाचणीत येणार हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि त्यांनी तह मोडलेला नव्हता. "टेस्ट तं होणारच," ते एवढंच म्हणायचे. पोहे खाणारी मुलगी की सहावीतली मुलगी, असा तो हिशेब होता, आणि मी पोहे निवडले होते.

चाचणीच्या दिवशी बाबा, लेक आणि मी कोहक्यातल्या त्या शाळेत गेलो. तिने सकाळी अर्धंच खाल्लं. मी मोरीकडे कान लावून बसले होते. काही झालं नाही. फाटकाशी तिने माझा हात सोडला आणि मागे न बघता आत गेली. बाबा आणि मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. बाबांनी दोनदा चहा मागवला. मधेच म्हणाले, "पास नाही झाली तं मीच सोडाले येईन, पण पहिल्या दिवशी तूही ये."

पेपर संपला. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिथेच तपासले आणि पालकांना एकेक करून आत बोलावलं. त्या वयस्कर होत्या, कपाळावर चष्मा. त्यांनी लेकीचा पेपर आमच्यासमोर ठेवला.

"हिंदी अच्छी है। पर्यावरण बहुत अच्छा है, पानी वाला सवाल तो पूरा पन्ना भर के लिखा है। गणित में भिन्न के सारे सवाल छोड़ दिए।"

मी पेपर जवळ ओढला. बाबा पुढे झुकले.

"छोड़े मतलब," बाई म्हणाल्या आणि चष्मा खाली ओढून त्यांनी बोट ठेवलं. "हर एक के आगे लिखा है, देखिए।"

लेकीने तिच्या गोल अक्षरांत प्रत्येक अपूर्णांकाच्या गणितापुढे लिहिलं होतं, 'यह मैंने अभी नहीं पढ़ा है।' चुकीचं उत्तर नाही, खाडाखोड नाही. वर्षापूर्वी तिने पेपर रडून ओला केला असता.

"मैं इतने साल से कॉपियाँ जाँच रही हूँ," बाई म्हणाल्या, "बच्चे कुछ भी लिख के भर देते हैं। भिन्न हम पढ़ा देंगे। छठी में बैठाइए।"

बाबांनी पेपर हातात घेतला आणि 'अभी' या शब्दावर बोट फिरवलं. मग त्यांनी तो अदबीने परत टेबलावर ठेवला. बाहेर आल्यावर ते नातीला म्हणाले, "काऊन वं, येत नाही ते सरळ लिहून देल्लं?"

"मंग काय करू आबाजी, खोटं लिहू?"

"नाही वं माय," बाबा म्हणाले. "नोको लिहू." त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी पहाटेच उठले होते. ती उठली, दात घासले, पोहे खाल्ले आणि बूट सापडत नाहीत म्हणून माझ्यावर ओरडली. मोरीचा नळ फक्त दात घासायला सुटला. बाबा स्कूटरवर तिला घेऊन गेले. मी दिवसभर एक ओळ लिहू शकले नाही. घर इतकं रिकामं होतं की मी दिवाणावरची उरलेली पुस्तकं दोनदा झाडली.

दुपारी ती आली. दप्तर फेकलं.

"कशी आहे शाळा?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा खूप प्रयत्न केला.

"मॅडम लई हळूहळू शिकवते," ती म्हणाली.

"मग? कंटाळा आला?"

"नाही गं. चांगलं आहे ना." ती स्वयंपाकघरात गेली, भांड्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "आई, भाजी कोणती केली? मले भूक लागून राहिली."